मुंबईची आकाशरेषा कोण आखते?

विरार-वसईहून चर्चगेटकडे जाणारी गाडी दादर स्थानक सोडते, त्यानंतरच्या तीन स्थानकांचा परिसर गेल्या पंचवीस वर्षांत ओळखू येऊ नये इतका पालटला आहे. प्रभादेवी, लोअर परळ आणि महालक्ष्मी ह्या पट्ट्यात एकेकाळी कापडगिरण्यांची धुराडी सर्वांत उंच असत. आज त्याच जमिनींवर साठ-सत्तर मजल्यांचे मनोरे उभे आहेत. आमचे अनेक वाचक ह्या मार्गाने रोज ये-जा करतात आणि त्यांच्या मनात साहजिकच काही प्रश्न येतात. हे मनोरे नेमके येथेच का? विलेपार्ल्यात ते का नाहीत? वांद्रे-कुर्ला संकुलात एवढ्या बँकांची मुख्यालये असूनही तेथील इमारती तुलनेने ठेंगण्या का? आणि एखाद्या आलिशान मनोऱ्याच्या पायथ्याशी झोपडपट्टी पुनर्वसनाच्या दाटीवाटीच्या इमारती कशा?

ह्याला एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. मुंबई हे मूळचे बेट. जागा थोडी, माणसे अमाप. तेव्हा वर जाण्यावाचून गत्यंतर नाही. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. जागेची टंचाई गिरगावात आहे, धारावीत आहे, कुर्ल्यातही आहे. मग उंची ठरावीक ठिकाणीच का वाढली? आमच्या मते मुंबईची आकाशरेषा वास्तुविशारदाच्या पेन्सिलीपेक्षा शासनाच्या राजपत्राने अधिक आखली आहे. उंची हे ह्या शहराचे जणू चलन झाले आहे. जी कामे शासनाला तिजोरीतून पैसा काढून करायची नव्हती, त्यांचा मोबदला त्याने आकाशातील जागेच्या रूपाने दिला. त्या व्यवहारात जमिनीवरच्या माणसाला काय मिळाले, हा प्रश्न आम्हांला इमारतीच्या उंचीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

उंच इमारतींचे मुंबईला वावडे कधीच नव्हते. विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद ह्यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला हा सुमारे ८५ मीटर उंचीचा घड्याळ-मनोरा कित्येक दशके शहराच्या माथ्यावर होता. पुढे मरीन ड्राइव्हवर एकाच उंचीच्या, पाच-सहा मजली इमारतींची रांग उभी राहिली. ती रांग एकसारखी दिसते ती काही योगायोगाने नव्हे. तेथेही नियमांची आखीव चौकट होती. २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंचा हा समूह जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला. त्यानंतरचा टप्पा म्हणजे समुद्रात भराव घालून केलेले नरिमन पॉइंट आणि कफ परेड. एअर इंडियाची २३ मजली इमारत १९७४ सालची, दलाल स्ट्रीटवरचा शेअर बाजाराचा मनोरा १९८० सालचा.

आता नियमांकडे वळू. महानगरपालिकेच्या बातम्यांत ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ अर्थात एफएसआय हा शब्द सतत येतो. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे तो सांगतो. भूखंड १००० चौरस मीटरचा आणि निर्देशांक १.३३ असेल, तर सर्व मजले मिळून १३३० चौरस मीटर बांधकाम करता येते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. निर्देशांक उंची ठरवत नाही, एकूण बांधकाम ठरवतो. कणकेचा गोळा तेवढाच असतो; त्याची मोठी पातळ पोळी लाटा किंवा लहान जाड भाकरी थापा. तसेच तेवढेच बांधकाम पसरट दोन मजल्यांत मावते किंवा सडपातळ दहा मजल्यांत. म्हणूनच नुसत्या उंचीवरून गर्दीचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मुंबई शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ असा निर्देशांक ठरवला. जगातील मोठ्या शहरांच्या मानाने हा फारच कमी. एवढ्या तुटपुंज्या निर्देशांकात सत्तर मजले कसे उभे राहिले? ते अपवादांतून उभे राहिले. जुन्या उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास केला तर जादा निर्देशांक, झोपडीवासीयांना घरे बांधून दिली तर जादा निर्देशांक, सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला दिला तर जादा निर्देशांक. ह्या शेवटच्या सवलतीची तरतूद २००८ मध्ये झाली आणि अनेक मनोरे वाहनतळाच्या जाडजूड चौथऱ्यावर जाऊन बसले. त्याशिवाय गच्ची, फुलझाडांचे कट्टे, पोकळ्या असे काही भाग निर्देशांकात मोजलेच जात नसत. कागदावरचा फुलझाडांचा कट्टा ग्राहकाच्या ताब्यात येईपर्यंत खोलीचा भाग झालेला असे. २०१२ च्या जानेवारीत नियम बदलून हे भाग मोजणीत आणले गेले आणि त्यांच्या बदल्यात अधिमूल्य भरून निवासी इमारतींना ३५ टक्के वाढीव बांधकाम मिळू लागले. पळवाट बुजली, पण तिचीच दरपत्रकासह राजरोस वाट झाली, असे म्हणणे अगदीच अन्यायाचे ठरू नये.

ह्या सर्व अपवादांत सर्वांत दूरगामी ठरली ती झोपडपट्टी पुनर्वसन योजना. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन दिले होते. शासनाकडे त्यासाठी पैसा नव्हता. तोडगा असा निघाला की विकासकाने झोपडीवासीयांसाठी त्याच जागेवर २२५ चौरस फुटांची घरे फुकट बांधून द्यावीत आणि त्याबदल्यात मिळणारे जादा बांधकाम खुल्या बाजारात विकावे. घराचे आकारमान पुढे २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांवर गेले. ताडदेवचे ‘इम्पीरियल’ हे साठ मजली जुळे मनोरे, जे २०१० मध्ये पूर्ण झाले, ते ह्याच योजनेचे अपत्य. मूळ झोपडीवासीय त्याच आवारातील पुनर्वसन इमारतींत राहावयास गेले.

तत्त्वतः ह्यात वाईट काही नाही. गरिबाला त्याच्याच जागेवर पक्के घर मिळते, शहराच्या तिजोरीला तोशीस पडत नाही. पण ह्या गणितात एक मेख आहे. विकासकाला विक्रीसाठी जितकी अधिक जागा मोकळी ठेवता येईल तितका त्याचा लाभ अधिक; म्हणून पुनर्वसनाच्या इमारती कोपऱ्यात कोंबल्या जातात. गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी ह्या पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ ह्या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. सात-आठ मजल्यांच्या इमारती, त्यांच्यामधले अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ना ऊन, ना वारा. अशा घरांत राहण्याचा क्षयरोगाशी संबंध असल्याचे त्या अभ्यासात दिसून आले. झोपडीत निदान दारासमोर आकाश तरी होते.

गिरण्यांच्या जमिनींची कथा ह्याहून गुंतागुंतीची आहे, आणि ती थोडी सविस्तर सांगणे भाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप औपचारिकरीत्या कधी संपलाच नाही. गिरण्याच संपत गेल्या. मध्य मुंबईतील सुमारे सहाशे एकर जमीन हळूहळू निकामी होऊन पडली. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने ह्या जमिनींसाठी एक न्याय्य वाटणी सुचवली होती. गिरणीची जमीन विकसित करायची झाल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महानगरपालिकेकडे, एक तृतीयांश सामान्यांच्या घरांसाठी म्हाडाकडे आणि उरलेली मालकाकडे.

पुढे १९९६ मध्ये ह्या जमिनींचा अभ्यास करण्यासाठी शासनाने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कोरिया ह्यांचे नाव आमच्या वाचकांना अपरिचित नसावे. दादर येथील साल्वासांव चर्चची, म्हणजेच पोर्तुगीज चर्चची, सध्याची वास्तू त्यांचीच. कंबाला टेकडीवरील २८ मजली ‘कांचनजंगा’ हा १९८३ मधला मनोराही त्यांचाच. प्रत्येक घराला पूर्व-पश्चिम वारा मिळावा आणि कोपऱ्यात दोन मजले उंचीची बागेची गच्ची असावी, जेणेकरून दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा थेट खोलीत येऊ नये, अशी तिची रचना आहे. त्याच माणसाने बेलापूरला कमी उंचीच्या, अंगणे असलेल्या घरांची वसाहतही उभी केली. म्हणजे उंचीचा त्यांना ना मोह होता, ना तिटकारा. कोरिया समितीचा गाभ्याचा विचार असा होता की ह्या जमिनींचा तुकड्यातुकड्याने विचार न करता एकत्र आराखडा करावा, म्हणजे सलग मोकळ्या जागा आणि रस्ते मिळतील. तो अहवाल बासनात गेला.

२००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी होणार ती गिरणीच्या संपूर्ण जमिनीची नव्हे, तर त्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जागेची. गिरण्यांची आवारे शेड, गोदामे आणि खात्यांनी गच्च भरलेली असत. मोकळी जागा अशी कितीशी असणार! प्रकरण न्यायालयात गेले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरणवाद्यांच्या बाजूने कौल दिला. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. शहराच्या वाट्याला येऊ शकली असती अशी सलग मोकळी जमीन तेथे हातची गेली. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड टॉवर्स, वरळीला श्रीराम मिलच्या जागेवर ३२० मीटरचा पॅलेस रॉयाल, अशी एकेका आवारात एकेक स्वतंत्र नगरी उभी राहिली. घामाने त्या गिरण्या चालवणाऱ्यांसाठी म्हाडाने घरांची पहिली सोडत काढली ती २०१२ च्या जून महिन्यात, म्हणजे संपानंतर तब्बल तीस वर्षांनी. अर्ज लाखाहून अधिक होते, घरे सात हजारही नव्हती.

आणि रस्ते? तेच राहिले. रेल्वेचे पूलही तेच राहिले. पूर्वी पाळीच्या भोंग्याबरोबर कामगार जवळच्या चाळींतून चालत येत. आता त्याच परिसरातील कार्यालयांत काम करणारे लोक वसई, डोंबिवली, पनवेलहून गाडीने येतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसाच्या सरीत एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. शिरीष पटेल ह्यांच्यासारखे नगररचनेचे अभ्यासक फार पूर्वीपासून सांगत आले होते की निर्देशांक वाढवताना माणशी रस्ता, माणशी मैदान, माणशी शाळा किती उरते हे मोजावे. ते मोजमाप त्या पुलावर झाले.

आता पार्ले आणि वांद्रे-कुर्ला संकुल ठेंगणे का, ह्या प्रश्नाकडे येऊ. त्याचे उत्तर विमानतळात आहे. धावपट्टीभोवती आकाशात एक अदृश्य परात ठेवली आहे अशी कल्पना करावी. तिचा सपाट तळ विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर असून तो सुमारे ४ किलोमीटर त्रिज्येपर्यंत पसरलेला आहे. त्यापुढे परातीचा काठ हळूहळू वर चढत जातो. विमाने ज्या दिशेने उतरतात आणि उड्डाण करतात त्या पट्ट्यात बंधन आणखी कडक. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्यामुळे पश्चिमेला पार्ले-सांताक्रूझ आणि पूर्वेला कुर्ला-घाटकोपर ह्या भागांवर त्याचा भार पडतो. तेथील कित्येक जुन्या सोसायट्या निर्देशांक उपलब्ध असूनही तो वापरू शकत नाहीत. विशेष अभ्यास करून विमानतळ प्राधिकरण काही ठिकाणी सवलत देते, परंतु हात आखडूनच. लोअर परळचा वर्ल्ड वन मनोरा ११७ मजल्यांचा आणि ४४२ मीटरचा योजला होता. प्राधिकरणाची परवानगी मिळाली नाही आणि तो ७६ मजल्यांवर, २८० मीटरवर थांबला.

उंच इमारत कोसळेल अशी भीती अनेकांच्या मनात असते. तिला फारसा आधार नाही. मुंबईच्या पोटात बेसॉल्टचा कातळ आहे आणि भक्कम पायासाठी तो उत्तम. शंभर मीटरच्या वर गेल्यावर अभियंत्याला स्वतःच्या वजनाइतकीच चिंता वाऱ्याची असते; त्यासाठी लिफ्ट आणि जिन्यांभोवती काँक्रीटच्या जाड भिंतींचा एक गाभा उभारतात आणि इमारतीची प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात तपासतात. कोसळतात त्या बहुधा लहान, विनापरवाना, निकृष्ट इमारती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या विरारमध्ये कोसळलेली इमारत चार मजली होती. तिने १७ जणांचा बळी घेतला.

उंचीचा खरा धोका आगीचा. मुंबई अग्निशमन दलाची सर्वांत उंच शिडी ९० मीटरपर्यंत, म्हणजे साधारण तिसाव्या मजल्यापर्यंत पोहोचते. त्यावर भिस्त ठेवायची ती इमारतीच्या स्वतःच्या यंत्रणेवर: पाण्याच्या टाक्या, फवारे, धूर न शिरणारे जिने आणि दर सातव्या मजल्यावर ठेवावी लागणारी आश्रयाची मोकळी जागा. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी करी रोडच्या एका साठ मजली इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. तो मजला शिडीच्या टप्प्यात होता, तरीही जीव वाचवण्यासाठी सज्जाला लोंबकळणाऱ्या सुरक्षारक्षकाचा पडून मृत्यू झाला. आश्रयाच्या मजल्यावर सायकली, जुनी कपाटे आणि लग्नाचे मांडव भरणाऱ्या सोसायट्यांनी ह्या घटनेची आठवण ठेवावी.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास हा ह्या कथेतील आजचा अध्याय. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळी. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. येथे म्हाडा स्वतः पुढे असल्यामुळे घर मोठे मिळाले, ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. चाळीतल्या आजीला स्वतःच्या घरात न्हाणीघर मिळाले, ह्याचे मोल मनोऱ्यांवर टीका करणाऱ्यांनी कमी लेखू नये.

चिंता आहे ती पुढची. चाळीचे भाडे नाममात्र होते. चाळीस मजल्यांना लिफ्ट, पंप, जनित्र, अग्निशमन यंत्रणा आणि त्या सर्वांचा वीजखर्च लागतो. म्हाडाने पहिली १२ वर्षे देखभाल करण्याचे मान्य केले आहे. तेराव्या वर्षी, जेव्हा लिफ्टची दुरुस्ती निघेल आणि घरातील कमावता माणूस निवृत्त झालेला असेल, तेव्हा मासिक वर्गणी कोण भरणार? ती न झेपल्याने घर विकून कर्जत-पालघर गाठणारी कुटुंबे इतर पुनर्वसन इमारतींत आढळतात. असे झाले तर घर मिळालेच कशाला, असा प्रश्न त्यांची मुले विचारतील.

गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी ह्या ईस्ट इंडियन वस्त्या भोवतालच्या मनोऱ्यांत आज बुडून गेल्यासारख्या दिसतात. लाकडी जिने आणि कौलारू ओटे असलेली खोताच्या वाडीतील घरे आता मोजकीच उरली आहेत. त्यांचा नाश कायद्याने केलेला नाही. शेजारच्या भूखंडाचा भाव चढला की घरातल्या घरात भाऊ भावाकडे वाटणी मागतो, हे आम्ही आमच्या गावांतही पाहिले आहे.

वसई-विरारच्या वाचकाला हे सर्व दूरचे वाटत असेल, तर एक गोष्ट निदर्शनास आणावीशी वाटते. २०२० च्या डिसेंबरमध्ये शासनाने मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रे वगळून राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. वसई-विरार महानगरपालिका तिच्या कक्षेत येते. अधिमूल्य भरून जादा बांधकाम आणि हस्तांतरणीय विकास हक्क ही मुंबईचीच भाषा आता येथेही बोलली जाते. नायगाव ते विरार ह्या रेल्वेपट्ट्यात वीस मजल्यांच्या पुढच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. १९८० नंतरच्या तीन-चार मजली सोसायट्या पुनर्विकासाच्या वयाला आल्या आहेत आणि विकासकांची माणसे दारावर येऊ लागली आहेत.

सहकारी सोसायटीच्या पुनर्विकासासाठी जुलै २०१९ च्या शासकीय निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. विकासकाची निवड करणाऱ्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी हजर असावा लागतो आणि सभेचे चित्रीकरण करावे लागते. दोन इमारतींमधले अंतर किती, अग्निशमनाची गाडी आत वळेल एवढा रस्ता आहे काय, पाणी कोठून येणार, दरमहा देखभाल किती पडेल आणि त्यासाठी विकासक किती ठेव ठेवणार, हे प्रश्न त्या सभेत विचारता येतात आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घेता येतात. सभेला सभासदाने स्वतः जावे लागते. बदली माणूस चालत नाही. आखाती देशांत किंवा बोटीवर नोकरीला असलेल्या आपल्या अनेक कुटुंबप्रमुखांनी रजेची तारीख ठरवताना हे लक्षात घ्यावे.